‘छपाई स्वच्छ आहे’

महाल, नागपूर
रविवार, ९ नोव्हेंबर

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

तू जाऊन आज सोळा दिवस झाले. मधे तीनदा फोन झाला आणि तिन्ही वेळा आपण काकूच्या गुडघ्यावर बोललो. म्हणून आज लिहायला बसलो. आईने आधीच बजावलं आहे, की झोपेचा विषय काढायचा नाही. "पोट्टी चिडते, अन् मग चार दिवस फोन उचलत नाही," म्हणाली. नाही काढत.

तुझा डबा त्या दिवशी ओट्यावरच राहिला. सांबारवडी होती, आईने पहाटे उठून केलेली. गाडी वर्धेला पोचली असेल तेव्हा तिच्या लक्षात आलं. दुपारी शेखरने ती खाल्ली आणि हात धुता धुता मला म्हणाला, "बाबा, दोन शब्द बरे बोलले असते तर काय बिघडलं असतं?" मी पेपर तोंडासमोर धरून बसलो. वाचत नव्हतो.

नरकचतुर्दशीला पहाटे, केस ओले असतानाच, तू तुझं ते पुस्तक माझ्या हातात दिलंस. लक्ष्मीपूजनाला मी ते चौरंगावर वहीशेजारी ठेवलं, त्यावर हळदकुंकू वाहिलं. तू पाहिलंस की नाही ठाऊक नाही, तू तेव्हा अंगणात पणत्या लावत होतीस. दोन रात्रींत वाचून काढलं. आणि भाऊबिजेच्या संध्याकाळी तू सगळ्यांसमोर विचारलंस, "बाबा, कसं वाटलं?" मी म्हणालो, "छपाई स्वच्छ आहे. बांधणी बरी आहे." तू अजून थांबली होतीस. थांबलेली मला दिसत होतीस. मी ताटातला लाडू उचलला.

लेकीचं पहिलं पुस्तक, आणि बापाला त्यात छपाई दिसली. त्या क्षणी एवढंच खरं बोलता येईल असं वाटलं होतं. पण तेही धड खरं नव्हतं, कारण बांधणी बरी नाही. नुसता गरम गोंद आहे. फॉर्मच्या, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या, घड्या कण्याकडून कापून टाकल्यात, सुट्या पानांना गोंद फासलाय आणि वरून कव्हर चिकटवलंय. जुजबंदी, म्हणजे घडीतून घातलेली शिवण, नाही, दोऱ्याचा एक टाका नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, घरात कूलरची ओल आणि दाराबाहेर भट्टी. असल्या हवेत हा गोंद दोन उन्हाळे काढेल, तिसऱ्याला पानं पत्त्यांसारखी हातात येतील. त्यात पोरं पुस्तक पालथं टाकतात, जेवताना मांडीखाली दाबून धरतात. पोरांचं पुस्तक शिवलेलंच हवं. २५० रुपये किंमत लावली आहे, त्यात सोळा पानांना एक टाका बसला असता. तुझ्या प्रकाशकांना माझ्यातर्फे सांग. किंवा नको सांगू, तुला अवघड होईल.

बघ, गोंदावरच एवढं लिहून झालं. मूळ गोष्टीकडे यायला मी भिऊन राहिलो आहे.

मूळ गोष्ट अशी, रेवा, की पुस्तकाने माझी निराशा केली.

हे वाक्य लिहून मी उठलो, माठातलं पाणी पिऊन आलो. परत येऊन वाचलं. खोडलं नाही. तू लहानपणापासून माझ्याकडून खोटं ऐकलेलं नाहीस, आणि भाऊबिजेला मी गप्प राहून जे केलं ते खोट्याहून वाईट होतं.

पण आधी चांगलं सांगतो, आणि ते तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. पुस्तक २०८ पानांचं, म्हणजे तेरा फॉर्म. मला पानांपेक्षा फॉर्ममध्ये बोलणं सोपं जातं, हे तुला माहीत आहे. पहिले पाच फॉर्म मी श्वास रोखून वाचले. इरा माळ्यावर चढते तो भाग. शिडीची तिसरी पायरी करकरते, ती आपलीच शिडी. वटवाघळांचा वास, तुळईला बांधलेली जुनी पाळण्याची साखळी, पत्र्याची ट्रंक, आणि त्या ट्रंकेत पणजीच्या लुगड्यात गुंडाळलेलं पुस्तक. आणि मग तू जे लिहिलंस ते मला कुठल्याच पुस्तकात भेटलेलं नाही. कसरीने पान खाल्लंय, त्या भोकातून पलीकडच्या पानावरचा एकच शब्द दिसतो, वाक्यात तो बरोबर बसतो, आणि इराला वाटतं, पुस्तक आपल्याशी बोललं. ती पान उलटते, पुढच्या भोकातून आणखी एक शब्द. भोकं जिथे जिथे, तिथे तिथे नवं वाक्य.

मी चाळीस वर्षं कसरीची भोकं बुजवली. पातळ कागदाचे तुकडे फाडून, खळीत मोरचुदाची चिमूट टाकून, एकेक भोक. त्या भोकातून वाचता येईल, हे मला एकदाही सुचलं नाही. माझ्या पोरीला सुचलं. ते पान वाचून मी आईला उठवलं आणि चष्मा लावायला लावून वाचून दाखवलं. हे मी तुला भाऊबिजेलाच सांगायला हवं होतं. पुढचं निराश करणारं मनात इतकं दाटलं होतं की मागचं हे चांगलं जिभेवर आलंच नाही.

पुढचं आता सांगतो. सहाव्या फॉर्मला, म्हणजे पान ८१ ला, पुस्तक स्वतःच बोलायला लागतं. जाड आवाजात. निळं चमकतं. इराला सांगतं की तू निवडलेली आहेस. मग ते अक्षरांचं राज्य, सात कुलपं, अक्षरं खाणारा राजा, आणि प्रत्येक कुलपापाशी इरा विचारते, पुस्तक सांगतं, कुलूप उघडतं. विचारते, सांगतं, उघडतं. चौथ्या कुलपापासून मला कुलूप दिसायच्या आधी किल्ली दिसायला लागली. आणि मी पेन्सिल घेऊन शोधलं, रेवा. पान ८१ पासून शेवटपर्यंत इराने त्या पुस्तकाचं एकदाही पान उलटलेलं नाही. पुस्तकावरची गोष्ट, आणि त्यात ते पुस्तक कुणी वाचतच नाही. माळ्यावर भोकांतून शब्द जुळवणारी पोर कुठे गेली? तिला काही शोधावंच लागत नाही. तिच्याजवळचं काही जात नाही, काही हरवत नाही, हात भाजत नाही. शेवटी राजाला जाळायचं तेही एका वाक्यात, पान २०३, वरून सहावी ओळ.

आणखी एक गोष्ट मी मोजली. अक्षरांच्या राज्यात इरा अकरा दिवस आणि अकरा रात्री आहे. त्या अकरा दिवसांत ती एकदाही जेवलेली नाही. आणि एकदाही झोपलेली नाही.

इथे थांबणार होतो. पण आता निघालंच आहे तर लिहितो. सुरुवातीची पानं तू मागच्या मे महिन्यात इथे असताना लिहिलीस, वरच्या खोलीत, दुपारची दोन तास झोप काढून, उठून चहा घेऊन. पुढची पानं तिकडे, कंपनीतून रात्री नऊला येऊन. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. शिवण मारणारा हात दमला की टाका लांब पडतो, आणि ते कापडाआडूनही बोटाला कळतं. माझ्या फोनवर तुझ्या नावाखाली कधी पावणेतीन दिसतं, कधी सव्वातीन. ऑगस्टमध्ये एकदा पहाटे चार वाजून दहा. सकाळी साडेआठला तुझी बस असते. मी रोज उठल्यावर देवाला नमस्कार करायच्या आधी ते बघतो. आईला हे माहीत नाही. तिला सांगू नको.

तुला कुसुमआत्या आठवते ती गाणी म्हणणारी, हसणारी. मला आधीची आठवते, तो जो एक हिवाळा होता त्याच्या आधीची. तीही म्हणायची, "दादा, रात्रीच डोकं चालतं रे माझं." मी म्हणायचो, चालू दे. मी थोरला होतो आणि म्हणालो, चालू दे. पुढचं तुला आजीने सांगितलेलं आहे, मी परत लिहीत नाही. तू आत्या नाहीस. डॉक्टरांनीही मला तेव्हाच सांगितलं होतं की असं काही रक्तातून येतंच असं नसतं. सगळं कळतं. तरी पावणेतीन दिसलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. पुस्तक वर्षभर उशिरा आलं असतं तर काय झालं असतं? कुणी मागे लागलं होतं? शरीर काय लोखंडाचं आहे? रात्री अकरानंतर लिहिलेलं सकाळी वाचून बघावं, त्यातलं किती ठेवण्यासारखं असतं ते...

हे भाषण झालं. माफ कर. तू बत्तीस वर्षांची आहेस, स्वतःचं भाडं स्वतः भरतेस, पुस्तक लिहून छापून आणलंस. आमच्या घराण्यात आजवर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली गेली, स्वतःचं नाव पुठ्ठ्यावर कुणाचंही आलं नव्हतं. माझ्या वडिलांना सही करतानाही हात कापायचा. त्यांनी बडकस चौकाजवळच्या त्या बोळातल्या खोलीत तीस वर्षं कुणाकुणाच्या कविता शिवल्या. तुझं नाव कव्हरवर पाहिलं तेव्हा मला आधी ते आठवले. मग छपाई दिसली.

तू चौथीत असतानाची गोष्ट आहे. शाळा सुटली की तू दुकानात यायचीस आणि कापलेल्या कागदाच्या ढिगावर बसून जे हाताला लागेल ते वाचायचीस. एका वाचनालयाची वीसेक पुस्तकं बांधणीला आली होती. तेव्हा माझ्याकडे नवा पोरगा होता, त्याने एका कादंबरीत चौथा फॉर्म तिसऱ्याच्या आधी लावून शिवून टाकला. मला पत्ता नाही. तू ते पुस्तक उचललंस आणि दोन दिवसांत वाचून काढलंस. तिसऱ्या दिवशी मला म्हणालीस, "बाबा, यातले काका आधी मरतात, अन् मग सोळा पानं परत येऊन जेवतात." मी हसलो नाही, कारण तू फार गंभीर होतीस. "काहून येतात?" म्हणून विचारलं. तू म्हणालीस, "त्यांनी पुतणीला सायकल घेऊन द्यायचं कबूल केलं होतं ना. ते द्यायचं राहिलं. म्हणून त्यांना सोळा पानांची सुट्टी मिळाली."

सोळा पानांची सुट्टी. तुला फॉर्म सोळा पानांचा असतो हे तेव्हा ठाऊकसुद्धा नसावं, तू नुसते पानांचे आकडे मोजले होतेस.

मी काय केलं? पुस्तक घेतलं, बघितलं, पोराला रागावलो, ब्लेडने शिलाई उसवली आणि तुझ्यासमोर फॉर्म जागच्या जागी लावून परत शिवलं. तुला म्हणालो, आता वाच, आता बरोबर आहे. तू वाचलं नाहीस. ढिगावरून उतरून बाहेर पायरीवर जाऊन बसलीस आणि रडलीस. "माझी गोष्ट मोडली," म्हणालीस. मी तुला बर्फाचा गोळा घेऊन दिला आणि विषय संपवला. वाचनालयाचं पुस्तक होतं, मला ते तसं देता आलं नसतं, हे आजही म्हणेन. पण निदान ती गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायला हवी होती मी. मागच्या आठवड्यात रोज रात्री मला ते काका आठवले. ते मेलेले काका जेवायला बसतात आणि त्यांना माहीत असतं की सतराव्या पानाला उठायचं आहे. तुझ्या सात कुलपांत मला तसं काही सापडलं नाही. काकांना वेळ मोजून मिळाला होता. इराला सगळं न मोजता मिळतं.

आणि तो अक्षरं खाणारा राजा. तू पाच वर्षांची असताना तुला खांद्यावर घेऊन मी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवतात ते दाखवायला नेलं होतं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, माझ्या आजोबांच्याही आधीपासून. इतवारीत ती गर्दी, ते बडग्यांचे पुतळे, सगळे ओरडून राहिले होते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत," आणि तू माझे केस घट्ट धरून वरून विचारलंस, "बाबा, दरवर्षी जाळतात, तर दरवर्षी परत काहून येते?" मला उत्तर आलं नाही. शेजारी उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "बाई, आपणच बनवतो नं तिले." तू घरी येईपर्यंत गप्प होतीस. असला प्रश्न विचारणारी पोर मोठी होऊन राजाला सहाव्या ओळीत जाळते आणि सातव्या ओळीत सगळीकडे फुलं फुलतात, हे मला पटत नाही, रेवा. तुलाही पटलेलं नसणार. तू ते कधी लिहिलंस? किती वाजता?

पुन्हा तेच. आईने हे वाचलं तर ओरडेल.

समोरच्या घरातली ती पाचवीतली पोरगी, सायकलवरून आपल्या फाटकाला धडकणारी, तिला मी तुझं पुस्तक वाचायला दिलं. शाळेचं पुस्तक नाही, आणि त्यावर ओळखीच्या ताईचं नाव, म्हणून ती दारातच उभी राहून वाचायला लागली. दोन दिवसांनी परत आणून दिलं. तिला कुलपं फार आवडली. निळा प्रकाशही आवडला. माळ्याचा भाग "थोडा स्लो" वाटला. म्हणजे मला जे सोनं वाटलं ते तिला स्लो, आणि माझी जिथे निराशा झाली ते तिला आवडलं. पुस्तक तिच्यासाठी आहे, सत्तरीला टेकलेल्या माणसासाठी नाही, हे मला मान्य आहे, आणि म्हणून तुला ते न लपवता सांगितलं. जाता जाता मात्र ती म्हणाली, "राजा लवकर मेला." आणि फाटकापाशी जाऊन परत आली, "आजोबा, इराची आई तिला शोधत नाही का?"

मी पान उलटून पाहिलं. खरंच, अकरा दिवस पोर घरी नाही आणि घरात कुणाला पत्ता नाही.

तुला ते पोथीवाले गृहस्थ आठवतात? तू सातवीत होतीस. महानुभाव पंथाची पोथी घेऊन आले होते, पेटी करून हवी होती. सुटी पानं, दोन लाकडी फळ्यांत, वरून लाल बासन. मी तुला सांगितलं की पोथीला कणा नसतो, म्हणून ती शिवायची नसते, बांधायची असते, आणि बासनात गुंडाळणे हा शब्द इथून आला. तुला त्यात काही रस नव्हता. तुला त्या अक्षरांत रस होता, कारण वाचता येत नव्हती. त्यांनी सांगितलं, ही सकळ लिपी. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर लिहायचं, ज्याला गुरूकडून किल्ली मिळाली त्यालाच वाचता येणार. शतकानुशतकं पंथाबाहेरच्या माणसासाठी त्या पोथ्या बंद होत्या, गेल्या शतकाच्या सुरुवातीला कुठे संशोधकांना ती लिपी उलगडली. आपल्या नागपूरच्या वि. भि. कोलत्यांनी तर असल्या पोथ्यांत आयुष्य घातलं. आणि त्या गृहस्थांनी लीळाचरित्राचं सांगितलं, की म्हाइंभटांनी एवढ्या कष्टाने गोळा करून लिहिलेलं पुस्तक परचक्रात हरवलं, आणि मग मागे राहिलेल्यांनी आपापल्या आठवणीतून ते परत लिहून काढलं. हिराइसा नावाच्या बाईला ते पाठ होतं, असं परंपरा सांगते.

तू तेव्हा विचारलंस, "अन् तिला मधलं एखादं पान आठवलंच नाही तर?" ते गृहस्थ तुझ्याकडे बघत राहिले. मग महिनाभर तू घरात सगळं सकळ लिपीत लिहीत होतीस, आपली स्वतःची, कच्ची. किराण्याची यादीसुद्धा. आईने साखरेच्या जागी काय आणलं होतं ते आठवतं ना.

मला एवढंच म्हणायचं आहे की तुझ्याजवळ हे सगळं आहे. भोकातून दिसणारा शब्द, सोळा पानांची सुट्टी घेऊन आलेले काका, दरवर्षी परत येणारी मारबत, न आठवलेलं पान. यातलं एकेक असं आहे की त्यावर माणूस जागा राहील. (हा शब्द चुकीचा पडला. वाचणारा जागा राहील, लिहिणाऱ्याने झोपावं.) निळा उजेड आणि निवडलेली मुलगी हे कुणीही लिहू शकतं, ते तुला बाहेरून आणावं लागलं, आणि बाहेरून आणलेल्या सामानाचं ओझं वाहताना तू दमलीस असं मला वाचताना वाटत राहिलं. चुकत असेन. मी मॅट्रिक झालेला माणूस, पुस्तकं आतून वाचण्यापेक्षा बाहेरून जास्त हाताळली. पण एवढी हाताळल्यावर कुठलं पुस्तक किती हातांतून जाणार आहे याचा थोडा अंदाज येतो. वाचनालयातून दुसऱ्यांदा बांधणीला येणारी पुस्तकं वेगळी असतात. तुझे पहिले पाच फॉर्म दुसऱ्यांदा बांधायला येतील. हे मी शपथेवर सांगतो.

फोनवर तू शेखरला म्हणालीस की आता काही लिहिणार नाही, झालं एकदा. त्याने मला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. तेव्हापासून मला दोन्हीकडून भीती आहे. लिहिलंस तर रात्री जागशील. आणि माझ्या त्या दोन वाक्यांमुळे लिहिणं सोडलंस तर मला पुढे कधी झोप लागणार नाही. यातली कुठली भीती मोठी ते मी ठरवू शकलो नाही. तू सकाळी लिही. रविवारी लिही. आठवड्याला एक पान लिही. इथे येऊन लिही, वरची खोली मी झाडून ठेवली आहे, कूलरचं काम फेब्रुवारीत करून घेईन. बारीक झाली होतीस या वेळी. आई म्हणते मलाच तसं दिसतं.

एक काम मी तुला न विचारता केलं. तू दिलेल्या प्रतींपैकी एक मी उसवली. इस्त्री कोमट करून कण्यावर फिरवली, गोंद मऊ झाला, कव्हर सालीसारखं निघालं. उरलेला गोंद चाकूने खरवडला. घड्या आधीच कापलेल्या, म्हणून जुजबंदी करता येईना. मग आठ-आठ सुट्या कागदांचे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे, जुडगे करून, टोच्याने भोकं पाडून वरून शिवले, दोऱ्याला मेण लावून. डावं मनगट अजून साथ देत नाही, म्हणून रोज दोनच जुडगे. तेरा जुडग्यांना आठवडा लागला. मैद्याची खळ आईने शिजवली आणि मोरचूद तुळशीच्या कट्ट्यावर वेगळं ठेवायला लावलं, नेहमीसारखं. पुठ्ठ्याला कापड घरात होतं तेच लावलं, तू ओळखशील. तुझं छापील कव्हर मी टाकलेलं नाही, आत अस्तराला चिकटवलं आहे, तुझं नाव पहिल्या पानासमोर येईल असं.

उद्या पोस्टात देतो. खिडकीवर विचारून आलो, रजिस्टर आता वेगळं राहिलं नाही, सगळं स्पीड पोस्टानेच जातं. सोबत संत्रा बर्फीचा डबा आहे आणि आईने लोणच्याची बाटली तीन पिशव्यांत बांधून दिली आहे, ती आधी उभी ठेव.

पुस्तक मिळालं की लगेच मधोमध उघडू नको. वरून शिवलेलं असल्याने आतला समास कमी झाला आहे आणि खळ अजून कोवळी आहे, एकदम उघडलंस तर कणा मोडेल. टेबलावर कणा टेकवून उभं धर. आधी पुढचा पुठ्ठा खाली सोड, मग मागचा. मग पुढून चार पानं घे, कण्यापाशी बोटाने हलकं दाब, मग मागून चार. पुन्हा पुढून, पुन्हा मागून. असं करत मधे ये. घाई नको, पाच मिनिटं लागतात. दिवसाउजेडी कर.

तुझा
बाबा